फ्रीबीएसडीचा डीडीबी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एक लहान स्टोरेज ड्रायव्हर लिहायला घेतला आणि तेव्हापासून डीडीबी माझ्या रोजच्या कामात आला. डीडीबी म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आतच राहणारा डिबगर, चुका शोधण्याचं साधन. त्याआधी माझी पद्धत ठरलेली होती: मशीन पॅनिक झालं (गंभीर चूक सापडून कर्नल थांबला), पुन्हा बूट झालं, क्रॅश डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) निघाला की केजीडीबी या वेगळ्या डिबगरमध्ये उघडून बसायचं. डीडीबीत मशीन जिथल्या तिथे थिजलेलं असतं, दुसऱ्या मशीनची गरज नसते, आणि तुम्ही त्यालाच प्रश्न विचारता. ही सवय लागायला मला साधारण दोन महिने लागले. आता त्याशिवाय ड्रायव्हरचं काम करायची माझी तयारी नाही.

हे साधन जुनं आहे. मूळचा डिबगर माक नावाच्या जुन्या कर्नलसाठी लिहिला गेला आणि तिथून फ्रीबीएसडीच्या पूर्वजात, ३८६बीएसडीमध्ये आला. आदेशांची ठेवण आजही त्याच काळातली आहे. आकडे मुळातच सोळाच्या पायावर वाचले जातात, त्यामुळे १० टंकलं की त्याचा अर्थ सोळा होतो. दशमान हवं तर आधी शून्य आणि टी जोडायचं. पहिल्या आठवड्यात मी यात बरेच तास घालवले. पडदा भरला की आउटपुट थांबतं, तेव्हा लाइन्स या चलाची किंमत शून्य करून टाकायची म्हणजे ते सलग वाहतं. या दोन गोष्टी कागदावर लिहून कीबोर्डजवळ चिकटवल्या आणि मग पुढचं सोपं झालं.

बसवण्याबद्दल एवढंच सांगते की मुख्य विकास शाखेच्या जेनेरिक, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कर्नलमध्ये डीडीबी आधीपासून असतो, पण रिलीज शाखेच्या जेनेरिकमध्ये नसतो. तिथे तो पर्याय घालून कर्नल स्वतः कंपाइल करावा लागतो. आणि सिरीयल कन्सोल (सिरीयल तारेवरून चालणारा पडदा-कीबोर्ड) जोडाच. डिबगरमध्ये शिरलं की बाकीचे सगळे सीपीयू थांबवलेले असतात, इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारे इशारे) बंद असतात, कोणतंही लॉक (सामायिक डेटावरचं कुलूप) घेता येत नाही. कन्सोलवरचं अक्षर न् अक्षर पोलिंग करून, म्हणजे पोर्टला पुन्हा पुन्हा विचारून वाचलं जातं. अशा अवस्थेत सिरीयल पोर्टइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. शिवाय सगळं संभाषण दुसऱ्या टोकाला फाइलीत नोंदवून ठेवता येतं, आणि त्या नोंदी मी आजही उघडून वाचते.

डीडीबीवर माझा विश्वास बसला तो एका हँगमुळे. पॅनिक नव्हतं, संदेश नव्हता. पिंगला उत्तर येत होतं, पण ज्या प्रक्रियेने माझ्या ड्रायव्हरवरच्या डिस्कला हात लावला ती तिथेच अडकत होती. माझं होम त्याच डिस्कवर, त्यामुळे नवीन लॉगिनही होईना. पॅनिक नाही म्हणजे डंप नाही, आणि डंप नाही म्हणजे माझ्या जुन्या पद्धतीत रीबूट करून पुन्हा वाट बघत बसणं एवढंच उरलं होतं. या वेळी सिरीयलवर एंटर, टिल्डे आणि कंट्रोल-बी ही तिकडी दाबली. या तिकडीला मुभा देणारी ऑल्ट ब्रेकची सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) मी आधीच चालू करून ठेवली होती, म्हणून लगेच डीबी असा प्रॉम्प्ट उमटला.

आधी पीएस, म्हणजे प्रक्रियांची यादी. एकामागून एक थ्रेड, सगळे डिस्कच्या उत्तराची वाट बघत झोपलेले. त्यांच्यात माझ्या ड्रायव्हरचा टास्कक्यू थ्रेडही होता, आणि खटकलं ते तेच. हा थ्रेड पूर्ण झालेल्या कमांडची खबर वर पोचवतो. त्याने झोपायचं कारणच नव्हतं. त्याचा क्रमांक देऊन शो स्लीपचेन (कोण कुणासाठी थांबलंय ते दाखवणारा आदेश) चालवलं. दोनच ओळी आल्या. पहिलीत लिहिलं होतं की हा थ्रेड माझ्या एसएक्स लॉकसाठी (वाटून किंवा एकट्याने धरता येणारं लॉक) अडकलाय आणि ते लॉक दुसऱ्या कुणी एकट्याने धरलंय. दुसरीत तो धरणारा थ्रेड: आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला केलेली खास विनंती) हाताळणारा, आणि तो स्वतः झोपलेला, कमांड पूर्ण झाल्याची खबर येईपर्यंत. खबर देणारा लॉकची वाट बघतोय, लॉक धरणारा खबरीची वाट बघतोय. पंधरा दिवस जे मी लॉगमध्ये शोधत होते ते दोन ओळींत समोर होतं.

कर्नलच्या विटनेस या तपासनीसाने हे का पकडलं नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला. विटनेस लॉक घेण्याचा क्रम तपासतो. आधी क आणि मग ख घेतलं, दुसरीकडे आधी ख आणि मग क घेतलं, तर तो ओरडतो. इथे लॉक एकच होतं. दुसरी बाजू होती ती झोपण्याच्या जागेची, आणि तिचा क्रमाशी संबंध नाही. एसएक्स लॉक धरून झोपायला कर्नलची हरकतही नसते, म्हणून इन्व्हेरियंट्स ही कर्नलची आतली तपासणीही गप्प राहिली. माझी चूक अशी की मी टीस्लीप हे लॉक न सोडता झोपवणारं फंक्शन वापरलं होतं. एसएक्स-स्लीप वापरलं की झोपताना लॉक सुटतं आणि जागं झाल्यावर परत मिळतं. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती ओळ कोणती हे कळायला थिजलेल्या मशीनशीच बोलावं लागलं.

आता या डिबगरमध्ये अलीकडे जे बदललंय त्याकडे येते, कारण मला सर्वांत जास्त फायदा त्याचाच झाला.

जुन्या डीडीबीला पत्ता कळायचा, प्रकार कळायचा नाही. ड्रायव्हरचं सॉफ्टसी स्ट्रक्चर (ड्रायव्हर आपली सगळी अवस्था ठेवतो ते) बघायचं असेल तर एक्झामिन आदेशाने आठ-आठ बाइटची रांग छापून घ्यायची आणि शेजारी सोर्स उघडून बोटाने मोजत जायचं: हा म्यूटेक्स (एक प्रकारचं लॉक), ६४ बिटांच्या एएमडी६४ प्रोसेसरवर ३२ बाइट; मग पॉइंटर, आठ; मग चार बाइटचा इंट, आणि त्याच्यापुढे कंपायलरने सोडलेले चार रिकामे बाइट, कारण पुढे पुन्हा पॉइंटर आहे. ते रिकामे बाइट विसरलं की पुढचं सगळं सरकतं, आणि तुम्ही एका फील्डचा आकडा दुसऱ्या फील्डच्या नावाने वाचत बसता. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं, आणि त्यातल्या एकदा मी त्या चुकीच्या वाचनावर अख्खा दिवस एक खोटा बग शोधला.

२०२४ मध्ये मुख्य शाखेत पीप्रिंट आदेश आला आणि ही मोजणी संपली. कर्नलच्या बायनरीत सीटीएफ नावाची प्रकारांची आटोपशीर माहिती असते. ती मुळात सोलारिसची, फ्रीबीएसडीत ती डीट्रेस या चालत्या कर्नलचं निरीक्षण करणाऱ्या साधनाबरोबर आली. पीप्रिंट तीच माहिती वापरतो. ग्लोबल चलाचं नाव दिलं की त्याची किंमत प्रकारासह येते. पीप्रिंट स्ट्रक्टला स्ट्रक्चरचं नाव आणि पत्ता दिला की प्रत्येक फील्ड नावानिशी छापलं जातं. आतल्या स्ट्रक्चरमध्ये किती खोल उतरायचं हेही डी या मॉडिफायरने सांगता येतं.

ऐकायला हे साधं वाटतं, पण करायला सोपं नाही. डिबगरच्या आत असताना डिस्कवरची फाइल वाचता येत नाही, कारण डिस्क वाचायला लॉक हवेत, इंटरप्ट हवेत, शेड्युलर हवा, आणि ते सगळं थांबलेलं असतं. म्हणून प्रकारांची माहिती पॅनिकच्या आधीच मेमरीत असावी लागते. दुसरी अडचण आकाराची होती. जुन्या सीटीएफमध्ये प्रकारांच्या क्रमांकांना १५ बिटांची मर्यादा होती, म्हणजे जेमतेम ३२ हजारांच्या वर काही शे. वाढत्या कर्नलला ती अपुरी पडू लागली, म्हणून २०२२ मध्ये फ्रीबीएसडीने सीटीएफची तिसरी आवृत्ती आणली. ते पायाचं काम आधी झालं होतं म्हणून पीप्रिंट मोठ्या कर्नलवरही नीट चालतो. अशी कामं करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण वापरणाऱ्याला ती कधी दिसत नाहीत.

प्रत्यक्ष उपयोग सांगते. चौथ्या महिन्यात लोड वाढवला की काही तासांनी कमांड परत यायच्या थांबायच्या. लॉकच्या साखळ्या स्वच्छ होत्या. माझ्या मॉड्यूलमध्ये सॉफ्टसीकडे बोट दाखवणारा एक ग्लोबल पॉइंटर मी मुद्दाम ठेवलाय (तुम्हीही ठेवा, पत्ता शोधण्यातला वेळ वाचतो). आधी पीप्रिंटने त्या पॉइंटरची किंमत घेतली, मग पीप्रिंट स्ट्रक्ट. तीन फील्ड एकाखाली एक आली: लिहिण्याची जागा, वाचण्याची जागा आणि बाकी कमांडची संख्या. पहिल्या दोन्हींत आकडा एकच होता. तिसऱ्यात २५६, आणि माझी रिंग, म्हणजे कमांडची गोल फिरणारी रांग, तीही २५६ खणांची. म्हणजे रिंग पूर्ण भरली होती, पण माझा कोड दोन्ही जागा सारख्या दिसल्या की रिंग रिकामी आहे असं समजून परत फिरत होता. पाचव्या मिनिटाला मला कारण कळलं होतं. बाइट मोजत बसले असते तर त्या तीन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे बहुधा लक्षातच आलं नसतं, कारण सगळं लक्ष मोजण्यात गेलं असतं.

तुमच्या मॉड्यूलसाठी हे चालायचं असेल तर मॉड्यूलही सीटीएफसकट बांधावं लागतं. हे मला उशिरा कळलं. कर्नलचे प्रकार दिसत होते, माझेच दिसत नव्हते.

रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांसाठी टेक्स्टडंप आणि स्क्रिप्ट वापरते. ही सोय रॉबर्ट वॉटसन यांनी ७.१ आवृत्तीत आणली. पॅनिक झाल्यावर कोणते आदेश आपोआप चालवायचे ते ईटीसीतल्या डीडीबी-डॉट-कॉन्फ फाइलीत लिहून ठेवायचं. त्यांचं आउटपुट डंप पार्टिशनवर टार स्वरूपात जातं आणि बूटनंतर सेव्हकोर हा प्रोग्राम ते उचलून ठेवतो. आत डिबगरचं आउटपुट, कर्नलचे संदेश, पॅनिकचा मजकूर, कॉन्फिगरेशन आणि आवृत्ती असं सगळं मिळतं. साध्या मजकुराची छोटी फाइल असते, कुणाला पाठवायची तर मेमरीतला खासगी डेटा सोबत जाण्याची भीती कमी.

पण इथे एक मोठा खड्डा आहे. आउटपुट साठवायचा बफर मुळात ४८ केबीचा असतो. सोबत आलेल्या नमुना स्क्रिप्टमध्ये ऑलट्रेस, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी), सर्वांत शेवटी चालतो. काही शे थ्रेड असतील तर बफर मध्येच भरतो आणि पुढचं गळून जातं. तीन रात्रींच्या प्रतीक्षेनंतर एक पॅनिक मिळालं आणि नेमका माझ्या थ्रेडचा ट्रेस त्यात नव्हता. बफरची सिसकंट्रोल आहे, ५ एमबीपर्यंत वाढवता येतो. मी आता बूटच्या वेळीच तो २ एमबी करते आणि स्क्रिप्टमध्ये महत्त्वाचे आदेश वर घेतलेत. शिवाय टेक्स्टडंप निवडला की त्या पॅनिकचा पूर्ण मेमरी डंप मिळत नाही. दोन्ही हवे असतात, आणि मिळतं एकच. माझी ही तक्रार अजून तशीच आहे.

वॉचडॉगबद्दलही सावध करते. माझ्या चाचणी मशीनवर हार्डवेअर वॉचडॉग (ठरल्या वेळात खबर मिळाली नाही की मशीन रीबूट करणारं घड्याळ) चालू होता. डिबगरमध्ये शिरून मी शांतपणे ट्रेस वाचत होते आणि मशीन डोळ्यांदेखत रीबूट झालं. साहजिकच आहे: वॉचडॉगला थोपटणारी प्रक्रिया थांबलेली, आणि हार्डवेअरचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. डीडीबीत वॉचडॉग नावाचाच आदेश आहे. त्याला काही न देता चालवलं की वॉचडॉग बंद होतो. आता आत शिरल्यावर माझा पहिला आदेश तोच असतो, बॅकट्रेस त्यानंतर.

खटकणाऱ्या गोष्टींत सर्वांत वरची बॅकट्रेसची. एएमडी६४ वर बीटी आदेश फंक्शनचं नाव, ऑफसेट आणि फ्रेमचा पत्ता देतो, पण कंसात आर्ग्युमेंट नसतात. ती रजिस्टरमधून जातात आणि पुढच्या कोडने ती केव्हाच पुसलेली असतात. ओपनबीएसडी आणि इल्युमॉस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आपला कर्नल बांधताना कंपायलरला सांगून आर्ग्युमेंट स्टॅकवर जपून ठेवतात, त्यामुळे त्यांच्या ट्रेसमध्ये ती दिसतात. त्यासाठी प्रत्येक फंक्शनला थोडं जास्त काम पडतं, हे मान्य. तरी निदान विकास शाखेच्या कर्नलमध्ये ती सोय असावी असं मला फार वाटतं. आता प्रकार ओळखणारा पीप्रिंट हाताशी आहे. ट्रेसमध्ये आर्ग्युमेंटचा पत्ता दिसला असता तर तो थेट पीप्रिंटला देता आला असता, आणि माझ्या त्या ग्लोबल पॉइंटरची गरजच उरली नसती.

सीटीएफमध्ये ओळींचे क्रमांक आणि लोकल चलं नसतात. त्यामुळे फंक्शन आणि ऑफसेटवरून नेमकी ओळ शोधायला शेवटी दुसऱ्या मशीनवर डिबग सिम्बॉलवाला कर्नल घेऊन बसावंच लागतं. १३.० पासून नेटजीडीबी आहे, म्हणजे थिजलेल्या मशीनला नेटवर्कवरून केजीडीबी जोडता येतो, पण नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरचा तसा पाठिंबा लागतो. माझ्या चाचणी मशीनच्या कार्डला तो नाही, म्हणून मी सिरीयलवरूनच जीडीबी जोडते. हळू चालतं, पण चालतं.

एक सूचना सुरक्षेची: ज्या मशीनवर डीडीबी उघडा आहे, तिथे कन्सोलपाशी बसलेला कुणीही कर्नलच्या मेमरीत वाटेल ते लिहू शकतो. माझं मशीन कपाटात बंद असतं. तुमचं चार जणांच्या हाताखाली असेल तर मॅक-डीडीबी हे धोरण बघा, ते धोक्याचे आदेश अडवतं.

सध्या पाचवा ड्रायव्हर बग हातात आहे: मॉड्यूल उतरवताना पॅनिक, दर वीस-पंचवीस वेळांत एकदा. काल रात्री चाचणी लावून ठेवली तेव्हा बफर २ एमबी केला होता, वॉचडॉग बंद होता आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माझं सॉफ्टसी पीप्रिंट करून ठेवलं होतं.