ॲव्होनेट: बेटांवरच्या बीजप्रसाराच्या अभ्यासाला कितपत पुरं पडतं?

कोणता पक्षी कोणतं फळ अख्खं गिळू शकतो आणि पोटातलं बी किती लांब जातं, हे दोन प्रश्न सुटले की बेटावरच्या जंगलाचं पुढचं बरंचसं कळतं. मुख्य भूमीवर एक फळखाऊ पक्षी नाहीसा झाला, तर त्याचं काम उचलणारे दुसरे सहसा असतात. बेटावर कधी एकच उरलेला असतो, कधी तोही नसतो. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांमधून आलेल्या तपकिरी वृक्षसर्पानं जंगलातल्या १२ देशी पक्ष्यांपैकी १० संपवले. तिथल्या कित्येक झाडांची फळं आता आईझाडाखालीच पडून राहतात.

अशा अभ्यासात सगळ्यात आधी लागतात ती पक्ष्यांची मापं. ॲव्होनेट हा त्यासाठीचा मोफत माहितीसंच २०२२ मध्ये ‘इकॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. जोसेफ टोबायस आणि जगभरातल्या अनेक संग्रहालयांतले, विद्यापीठांतले सहकारी यांचं हे काम आहे. ११,००९ प्रजाती, ९०,०२० पक्षी आणि प्रत्येक प्रजातीची ११ मापं: चोचीची लांबी दोन पद्धतींनी, चोचीची रुंदी आणि खोली, पायाच्या नळीची लांबी, पंखाची तीन मापं आणि त्यांवरून काढलेला हस्त-पंख निर्देशांक (पंखाच्या निमुळतेपणाचं माप), शेपटी, वजन. यापूर्वी ही मापं शंभर ठिकाणांहून गोळा करावी लागत आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी असे. एका ठरलेल्या रीतीनं मोजलेली, सगळ्या पक्ष्यांची मापं एका फाइलीत मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी या मंडळींचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

फाइल एक्सेलची आहे. आत प्रजातींच्या सरासरीची तीन पानं आहेत: बर्डलाइफ (पक्षीसंवर्धन संस्था), ईबर्ड (पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचं संकेतस्थळ) आणि बर्डट्री (पक्ष्यांच्या वंशवृक्षाचा प्रकल्प) यांच्या वर्गीकरणांनुसार एकेक. इथेच पहिली चूक होते. ईबर्डच्या नोंदी घेऊन काम करायचं असेल तर ईबर्डचं पान, धोक्यातल्या प्रजातींच्या रेड लिस्टशी जोडायचं असेल तर बर्डलाइफचं, वंशवृक्षावर विश्लेषण करायचं असेल तर बर्डट्रीचं. एका पानावरची नावं दुसऱ्या यादीशी जोडली, तर बऱ्याच ओळी मुकाट्यानं गळतात. बेटांवर हे जास्त जाणवतं, कारण प्रजाती फोडायची की एकत्र ठेवायची यावरचे मतभेद बेटांवरच्या पक्ष्यांबाबत सर्वाधिक असतात. जोडणीनंतर गळलेल्या नावांची यादी काढून ती हातानं तपासावी. त्यासाठी पानांमधला ॲव्हीबेस या पक्षीनामांच्या माहितीसाठ्याचा क्रमांक उपयोगी पडतो.

आर या संगणकभाषेत फाइल उघडताना तीन किरकोळ अडचणी येतात. रिकाम्या जागी ‘एनए’ ही अक्षरं लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ रिकामी जागा असा आहे हे फाइल वाचताना सांगितलं नाही, तर आकड्यांचा रकाना मजकूर म्हणून येतो. हस्त-पंख निर्देशांकाच्या रकान्याच्या नावात जोडरेघ आहे, ती फाइल वाचणाऱ्या काही आज्ञांमध्ये टिंबात बदलते आणि पुढचा कोड ‘रकाना सापडला नाही’ म्हणतो. आणि बर्डट्रीच्या वंशवृक्षात नावाच्या दोन शब्दांमध्ये अधोरेषा असते, इथे मोकळी जागा. तिन्हींचा उपाय एकेका ओळीचा आहे.

आता मुख्य मुद्दा. बीजप्रसारासाठी जे माप सगळ्यात महत्त्वाचं, ते ॲव्होनेटमध्ये नाही. फळ गिळता येईल की नाही हे ठरतं जबड्याच्या फाकेवर, म्हणजे चोचीचे दोन्ही भाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यांमधल्या अंतरावर. ॲव्होनेटमधली चोचीची रुंदी नाकपुडीच्या पुढच्या कडेशी मोजलेली आहे. ती जवळजवळ नेहमीच फाकेपेक्षा कमी भरते, आणि किती कमी हे कुळागणिक बदलतं. धनेशासारख्या भक्कम चोचीच्या पक्ष्यात फरक एका प्रकारचा, बारीक चोचीच्या कबुतरांत अगदी वेगळा. ड्युक्युला वंशातल्या मोठ्या फळखाऊ कबुतरांचा जबडा ताणला जातो, म्हणून ती चोचीपेक्षा कितीतरी मोठी फळं गिळतात. न्यूझीलंडमधलं केरेरू हे कबुतरही तसंच. टावा, कराका, ताराइरे यांसारख्या मोठ्या बियांच्या झाडांची फळं अख्खी गिळणारा तिथला मोठ्या प्रमाणावर उरलेला पक्षी आज हाच. नुसत्या चोचीच्या रुंदीवरून जुळणी केली, तर या झाडांना कुणी वाहकच नाही असा निष्कर्ष निघेल.

उपाय मेहनतीचा आहे, पण टाळू नये. अभ्यासातल्या प्रत्येक कुळातल्या चार-पाच प्रजातींची फाक स्वतः मोजावी आणि ॲव्होनेटच्या रुंदीशी तिचा संबंध त्या कुळापुरता काढावा. सगळ्या कुळांना एकच समीकरण लावलं की कबुतरं चुकतात. मोजणी परवानाधारकानं जाळ्यात धरलेल्या जिवंत पक्ष्यावर, व्हर्नियर कॅलिपरनं, ०.१ मिलिमीटरपर्यंत करावी. चोच बंद असावी आणि कोपऱ्याचा मऊ भाग दाबला जाऊ नये. नुकतीच उडू लागलेली पिल्लं वगळावीत, त्यांच्या चोचीचे कोपरे मांसल आणि फुगलेले असतात. संग्रहालयातल्या कातड्यांवर हे माप भरवशाचं नसतं: कातडं सुकताना आकसतं आणि चोच बऱ्याचदा दोऱ्यानं बांधलेली असते.

फळाच्या बाजूनंही एक काळजी घ्यावी लागते. पक्षी फळ लांबीच्या दिशेनं गिळतो, म्हणून फाकेशी तुलना फळाच्या रुंदीची करायची, लांबीची नाही. वेगवेगळ्या झाडांवरची मिळून २० फळं मोजली तर साधारण कल्पना येते. मऊ, पुष्कळ बारीक बियांच्या फळांना मात्र हा नियम लागू नाही. चष्मेवाल्यासारखा छोटा पक्षी गर टोचून खातो आणि त्यासोबत बारीक बिया गिळतो. हवाईतल्या ओआहू बेटावर हेच चाललं आहे: देशी फळखाऊ पक्षी संपले आणि आज बियांची ने-आण चष्मेवाला, बुलबुल, लियोथ्रिक्स या बाहेरून आणलेल्या पक्ष्यांकडे आहे. त्यांच्या पोटातून जातात त्या बहुतांशी बाहेरून आलेल्या झुडपांच्या बारीक बिया. मोठ्या बियांची देशी झाडं मागे पडतात.

आहाराचा रकाना दुसऱ्या क्रमांकाची अडचण. ६० टक्के किंवा जास्त अन्न फळांतून मिळत असेल, तर पक्षी ‘फळभक्षी’ ठरतो. कोणत्याच एका अन्नाचा वाटा तेवढा नसेल, तर ‘सर्वभक्षी’. जगभराच्या तुलनेसाठी ही विभागणी ठीक आहे, बेटासाठी फार ढोबळ. बेटावर पक्ष्यांचा आहार पसरट होतो आणि बी वाहणारा पक्षी बऱ्याचदा फळभक्षी नसतोच. १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सर्टसी बेटावर वनस्पतींनी खरा जोर धरला तो १९८६ मध्ये कुरवांची (सीगल) वसाहत बसल्यावर. बियाही त्यांनी आणल्या आणि विष्ठेतून मातीला नायट्रोजनही दिला. कॅनरी बेटांवर सरडे लिसियम झुडपाची फळं खातात, खाटीक पक्षी त्या सरड्यांना खातो आणि सरड्याच्या पोटातलं बी त्याच्या पोटातून दूर जाऊन पडतं. ‘फळभक्षी’ एवढाच गाळणीचा शब्द ठेवला, तर कुरव आणि खाटीक दोघंही यादीतून बाहेर.

उलट दिशेचीही चूक होते. हरियलाच्या वंशातली हिरवी कबुतरं आणि ड्युक्युला, दोघंही फळभक्षी. पण हिरव्या कबुतरांची पेषणी (अन्न भरडणारा पोटाचा स्नायुमय भाग) भक्कम असते आणि बी भरडून टाकते. ड्युक्युलाच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडतं. झाडाच्या दृष्टीनं एक मारेकरी, दुसरा वाहक. हा फरक कोणत्याही मापातून दिसत नाही. विष्ठा गोळा करून, बारीक चाळणीतून धुऊन, बी अख्खं आहे का आणि उगवतं का हेच पाहावं लागतं.

फळाचा टक्का हवा असेल, तर २०१४ चा एल्टनट्रेट्स हा संच सोबत घ्यावा. त्यात आहार १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी दिला आहे आणि नावं बर्डट्रीच्या पानाशी छान जुळतात. त्यातला खात्रीचा रकाना मात्र जरूर वाचावा. काही प्रजातींचा आहार नातलग प्रजातींवरून भरलेला आहे, आणि कमी अभ्यासलेल्या बेटांवरचे पक्षी अशा यादीत सहज सापडतात. ॲव्होनेटमध्येही माप नातलगावरून घेतलं असेल, तर वेगळ्या रकान्यात तशी खूण आहे आणि कोणत्या प्रजातीवरून घेतलं हेही लिहिलेलं आहे. फळाशी मापं जुळवण्याच्या कामात अशा ओळी गाळाव्यात.

हस्त-पंख निर्देशांक म्हणजे मिटलेल्या पंखाच्या टोकापासून पहिल्या दुय्यम पिसाच्या (पंखाच्या आतल्या बाजूच्या पिसांपैकी पहिलं) टोकापर्यंतचं अंतर, भागिले पंखाची लांबी, गुणिले १००. पंख किती निमुळता आणि लांब उड्डाणाला किती योग्य, हे त्यावरून कळतं. कोणती प्रजाती समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावर पोचू शकेल याचा अंदाज घ्यायला तो उत्तम आहे. बी किती अंतरावर पडेल हे त्यावरून काढू नये. ते अंतर बी पोटात राहण्याचा वेळ आणि त्या वेळातली पक्ष्याची हालचाल यांवर ठरतं. केरेरू ताकदीनं उडतं, पण फळं खाऊन बराच वेळ तिथेच बसून राहतं. त्यामुळे त्यानं नेलेल्या बियांचं सरासरी अंतर शंभर मीटरच्या आतच भरतं.

प्रजातीची एक सरासरी हीसुद्धा बेटांवर फसवते. ऑस्ट्रेलियातला सिल्व्हरआय हा चष्मेवाल्याचा नातलग मुख्य भूमीवर लहान, ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरन बेटावर स्पष्ट मोठा. सरासरीच्या पानावर दोघांची ओळ एकच. वजनाचे आकडे तर बहुतेक आधीच्या संकलनांतून आलेले आहेत, ज्या पक्ष्यांची चोच मोजली त्यांचे नव्हेत. अशा वेळी कच्च्या नोंदींचं पान उघडावं. तिथे प्रत्येक पक्ष्याचं ठिकाण, देश, लिंग आणि मोजणाऱ्याचं नाव आहे. आपल्या बेटावरचे नमुने वेगळे काढून त्यांचीच सरासरी घ्यावी. अख्ख्या संचात एका प्रजातीमागे सरासरी आठच पक्षी येतात, म्हणून बेटापुरते दोन किंवा तीन उरले तरी आश्चर्य नको. तेवढ्यावर चालवायचं असेल, तर संख्या निकालात लिहावी.

लिंगाचा रकाना धनेशांसाठी विशेष महत्त्वाचा. अंदमानातल्या नारकोंडम बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर आणि नारकोंडम धनेश जगात फक्त तिथेच. मादी ढोलीत बंद असते तेव्हा फळं आणतो तो नर, आणि नराची चोच मोठी असते. त्या हंगामातली जुळणी नराच्या मापांवर करायला हवी, दोघांच्या सरासरीवर नाही.

नामशेष पक्षी ॲव्होनेटमध्ये नाहीत. तो हयात प्रजातींचा संच आहे. बेटांच्या बाबतीत याचा अर्थ गोष्टीचा अर्धा भाग गायब. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर एकेकाळी टोंगोएनास नावाचं भलंमोठं कबुतर होतं. हाडांवरून त्याचं वर्णन २०२० मध्ये झालं. आज तिथे मोठी फळं गिळणारं पॅसिफिक ड्युक्युला त्याच्यापेक्षा बरंच लहान आहे. ही उणीव २०२४ मध्ये आलेल्या ॲव्होट्रेक्सनं बऱ्याच अंशी भरली: ६१० नामशेष प्रजाती, शक्य तिथे ॲव्होनेटच्याच मापांत, शिवाय पक्षी फक्त बेटांवरचा होता का आणि उडू शकत होता का याची नोंद. दोन्ही संच एकाखाली एक जोडता येतात. जोडताना प्रत्यक्ष मोजलेली आणि गणितानं भरलेली मापं वेगळ्या रकान्यात ठेवावीत. हाडांवरूनच माहीत असलेल्या पक्ष्यांची बरीच मापं दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि विश्लेषण एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याविना चालवून दोन्ही निकाल शेजारी शेजारी द्यावेत.