‘लिटल मेन’ : काही महिने रोज रात्री वाचल्यावर

लुइझा मे अल्कॉटचं ‘लिटल मेन’ (१८७१) सलग वाचायला घेतलंत तर बहुधा अर्ध्यात ठेवाल. कथानक असं फारसं नाहीच. शान्ता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’मुळे (अल्कॉटच्याच ‘लिटल विमेन’चा अनुवाद) आपल्या ओळखीची झालेली ज्यो इथे प्रोफेसर भेरांची बायको आहे. आन्ट मार्चकडून वारशात मिळालेल्या प्लमफील्डच्या घरात दोघं मुलांची निवासी शाळा चालवतात. रस्त्यावर फिडल वाजवणारा पोरका नॅट, कुबड असलेला डिक, अभ्यासाच्या अतिरेकाने बुद्धी मंदावलेला बिली, आणि यांच्याबरोबर चांगल्या घरची वांड कार्टीही.

मी चौथीतल्या लेकीला झोपताना एकेक प्रकरण वाचून दाखवत गेले, अवघड जागी मराठीत सांगत. तसं हे पुस्तक मस्त चालतं. प्रकरणं सुटी आहेत, परीक्षेत खंड पडला तरी काही अडलं नाही. दर शनिवारी रात्री पंधरा मिनिटं उशांची मारामारी करायची परवानगी, बाकीच्या रात्री मुकाट झोपायचं, हा प्लमफील्डचा करार आमच्याकडेही लागू झालाय. (उश्यांचे अभ्रे उसवतात.)

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते नॅटच्या शिक्षेवर. खोटं बोलायची त्याची सवय जाईना, तेव्हा प्रोफेसर छडी त्याच्याच हातात देतात आणि स्वतःचा तळहात पुढे करतात : सहा फटके, तेही जोरात. नॅट रडकुंडीला येतो. ‘आई, पण चूक सरांची नव्हतीच ना?’ यावर आमचं त्या रात्री बराच वेळ चाललं. मला स्वतःला ही शिक्षा छडीहून क्रूर वाटते. लेकीला ती पटली. अल्कॉटच्या वडिलांनी बॉस्टनच्या टेम्पल स्कूलमध्ये हा प्रकार खरोखर केला होता, हे मला नंतर कळलं.

पुस्तक खरं तोलून धरतो तो डॅन. बिअर, चिरूट, पत्ते घेऊन आलेला हा पोरगा आधी हाकलला जातो, मग लंगडत परत येतो. पुढे पैसे चोरीला गेल्यावर नॅटवरचा संशय हटावा म्हणून आळ स्वतःवर घेतो. इथे अल्कॉट उपदेश विसरते. एरवी तो भरपूर आहे, मी सरळ गाळत गेले. ज्योची भाची डेझी, तिच्या खेळण्यातल्या स्वयंपाकघराचं प्रकरण लेकीला आवडलं, मला लांबलं. डॉक्टर व्हायला निघालेली नॅन मात्र दोघींची लाडकी.

ज्योच्या बहिणीचा, मेगचा नवरा जॉन ब्रुक, त्याच्या मृत्यूचं प्रकरण आधी एकट्याने वाचून घ्या. अल्कॉटच्या बहिणीचा नवरा १८७० मध्ये वारला. बहिणीला आणि भाच्यांना आधार म्हणून तिने हे पुस्तक रोममध्ये लिहायला घेतलं. त्या पानांवर ते जाणवतं.

माझी स्वस्तातली प्रत बारीक टाइपाची, पानं सुटी झालीत. मजकूर प्रोजेक्ट गटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतो; आधी तिथे दोन-तीन प्रकरणं वाचून बघा, मुलं रमली तर मोठ्या टाइपाची प्रत घ्या.