सांगलीतल्या मागच्या खोलीतलं रेकॉर्डिंग: स्कार्लेट टू-आय-टू आणि दोन माइक, बरेच महिने वापरल्यानंतर

स्वतः गाणी लिहून, स्वतःच चाल लावून गाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू (तिसरी पिढी) हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा, घेतला. सोबत एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), बंद कानांचे हेडफोन, स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी माइकपुढची जाळी). सगळं मिळून २५ हजारांच्या आसपास गेले. तेव्हापासून विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्याचा जवळपास रोज वापर होतोय.

पैसे वसूल झाले का? झाले, आणि सगळ्यात जास्त झाले ते गाणं लिहिण्यात. स्टुडिओत तासावर भाडं असतं. तिथे वहीत जे लिहून नेलंय तेच गायचं आणि बाहेर पडायचं. घरी एक ओळ गाते, ऐकते, शब्द बदलते, परत गाते. आजी दाराबाहेरून विचारते, "बाई, परत परत तेच काय म्हणतीस?" तिला हेडफोनमधलं गिटार ऐकू येत नाही, नुसता माझा आवाज येतो. पण त्या परत परत म्हणण्यातच गाणं तयार होतं.

एक उदाहरण देते. माझी ओळ होती, "भरल्या घरात भास तुझा होतो". कागदावर छान दिसत होती. रेकॉर्ड केल्यावर स्क्रीनवर दोन्ही भ च्या जागी लाट फुगलेली आणि हेडफोनमध्ये धप्प धप्प. पॉप फिल्टर असूनही. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला वळवला, वीतभर अंतर ठेवलं, बराच फरक पडला. तरी सुरुवातीचा भ ऐकताना खटकतच होता. शेवटी ओळच फिरवली: "घरात गर्दी, तरी तुझाच भास". आता एकच भ उरला, तोही शेवटी, जिथे आवाज आपोआप हलका होतो. आणि खरं सांगायचं तर ही ओळ पहिलीपेक्षा चांगली आहे.

माइकवर कसं गावं याचे इंग्रजी व्हिडिओ मी भरपूर पाहिले. त्यात प, ब आणि स यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. आपल्याकडे फ, भ, थ, ध आहेत, आणि चांदण्यातला, चुकण्यातला तो च आहे. कंडेन्सर माइकवर हा च स इतकाच टोचतो. चहातला च तेवढा नाही टोचत. मराठीत गाणाऱ्यांनी डी-एसर (स सारखे टोचणारे आवाज दाबणारं सॉफ्टवेअर) लावताना नुसत्या स वर लक्ष ठेवू नये, या च आणि ज कडेही कान द्यावा. माझ्या आवाजाला ६ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडं दाबलं की पुरतं. जास्त दाबलं की बोबडं वाटतं.

इंटरफेसबद्दल थोडक्यात. गेनच्या (माइकचा आवाज किती वाढवायचा त्याच्या) बटणाभोवती हिरवा, पिवळसर, लाल असा उजेडाचा गोल आहे. एकटीनं काम करताना हा फार उपयोगी, आवाज फार मोठा जातोय का ते गाता गाता नुसत्या नजरेनं कळतं. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज मोठा यावा म्हणून गेन ताणायची गरज नाही, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की झालं. डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये) चालू केलं की स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याची कटकट संपते. एअर नावाचं बटण वरचे सूर उजळवतं. गिटारला सुंदर लागतं, माझ्या आवाजाला मी लावत नाही, वर सांगितलेला च आणखी टोचायला लागतो. सॉफ्टवेअर रीपर वापरते. ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा.

खरा प्रश्न खोलीचा आहे. कंडेन्सर सगळं ऐकतो. पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची वडाप (प्रवासी जीप). गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका. मामेभावाच्या बँजो पार्टीतला शुअर एसएम ५८ मागून आणला. हा डायनॅमिक माइक १९६६ पासून बाजारात आहे, स्टेजवर सगळीकडे दिसतो. त्याला गेन बराच जास्त लागतो, पण तोंडाजवळ धरला की खोली मागे पडते. आता माझं मुख्य गायन त्यावरच होतं.

लाइट गेली की मी खूश असते. इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, पंखे बंद, गल्ली शांत. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ नाही. एरवीही लॅपटॉपचा चार्जर काढूनच रेकॉर्ड करा. आमच्या घराचं अर्थिंग जुनं आहे, चार्जर लावला की बारीक गुणगुण येते. पावसाळ्यात कंडेन्सर माइक स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. दमट हवा त्याला मानवत नाही.

मग कंडेन्सर फुकट गेला का? अजिबात नाही. मिरजेच्या एका कारागिराकडचा तानपुरा आणला होता. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पॉप गाण्याखाली षड्ज-पंचमाचा तो नाद मला हवा होता. रात्री उशिरा माइक तानपुऱ्याच्या घोडीपासून (जिच्यावर तारा टेकतात) वीतभरावर ठेवला. जवारीची ती किणकिण, तार सुटल्यावर आवाज हळूहळू उलगडत जातो ती, जशीच्या तशी आली. डायनॅमिक माइकवर हे येत नाही. फोनच्या अॅपमधला तानपुरा आता मला ऐकवत नाही.

गाणं तयार झाल्यावरचं काम वेगळंच. ज्या वितरकाकडून (स्पॉटिफायसारख्या अॅपवर गाणं पोचवणारी कंपनी) पहिलं गाणं टाकलं, त्यांनी ते माझ्याच नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर चढवलं. निस्तरायला बरेच मेल करावे लागले. तेव्हा पहिल्या गाण्याआधीच कलाकाराचं पान नीट तपासा, आणि प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी (त्या रेकॉर्डिंगचा ओळख कोड) लिहून ठेवा. वितरक बदलला तरी तोच कोड द्यायचा असतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. तिथे २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी सुरू होत नाही. आपल्यासारख्यांनी हा हिशोब आधीच धरावा.

आणि आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारा पैसा वितरकाकडून येणाऱ्या पैशापेक्षा वेगळा असतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला हा वाटा कुठल्याही कंपनीला लिहून देता येत नाही. शब्द आणि चाल दोन्ही तुमची असतील तर तिथे नोंदणी करताना गीतकार आणि संगीतकार दोन्ही ठिकाणी स्वतःचं नाव घाला.

वर्षातून एखादंच गाणं करणार असाल तर हे सगळं घेऊ नका, कोल्हापूर किंवा पुण्यात चांगला स्टुडिओ भाड्याने घ्या. सतत लिहिणार असाल तर आधी इंटरफेस, एक डायनॅमिक माइक आणि चांगले हेडफोन घ्या. कंडेन्सर नंतर, घरात एखादं खरं वाद्य आलं की.