डेप्थ एनिथिंग व्ही टू: काटोलच्या संत्राबागेत दोन महिने वापरून पाहिलं

आधीच सांगून टाकतो, डेप्थ एनिथिंग व्ही टू हे एआय मॉडेल मला जाम आवडलं. एका साध्या फोटोवरून कोणती वस्तू जवळ अन् कोणती लांब हे काढून देते, दोन कॅमेरे नको, लिडार (लेझरनं अंतर मोजायचं यंत्र) नको. त्यातलं सगळ्यात लहान म्हणजे स्मॉल मॉडेल २.४८ कोटी पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेल शिकते ते आतले आकडे) आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप नसताना पण चालते. थोडं थांबावं लागते पण चालते.

आता काम काय होतं ते सांगतो. मी राहतो नागपुरात, प्रतापनगरला, अन् मामाची संत्र्याची बाग काटोलकडे. मामाले प्रत्येक झाडाचा घेर, म्हणजे पानांचा पसारा किती रुंद ते, पाहिजे होतं, कारण फवारणीला किती पाणी लागते ते घेरावर ठरते, सगळ्या झाडांना एकच हिशोब लावला तर लहान झाडावर औषध वाया जाते अन् मोठ्याच्या आतपर्यंत पोचतच नाही. ६ बाय ६ मीटरवर लागवड असली की हेक्टरी २७७ झाडं बसतात, टेप घेऊन किती फिरणार माणूस. फोटोत झाड किती पिक्सेल रुंद आहे ते दिसतेच, त्याला अंतरानं गुणलं अन् कॅमेऱ्याच्या फोकल लेंथनं (लेन्सचं माप, पिक्सेलमध्ये) भागलं की रुंदी मीटरमध्ये निघते. अडते ते फक्त अंतरापाशी. मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "फोटोतून फूट कसे निघतेत बे?" अन् खरं सांगतो, सगळ्या कामातला मुख्य प्रश्न हाच निघाला.

पहिला फोटो टाकला तेव्हा मी बघतच राहिलो. संत्र्याचं झाड म्हणजे बारीक फांद्या, दाट पानं, मधून मधून मागचं आभाळ दिसते, अन् मॉडेल अंतराचा जो नकाशा काढते त्यात त्या फटी सुद्धा वेगळ्या आल्या. याचं कारण ट्रेनिंगमध्ये आहे. खऱ्या फोटोंचे डेप्थ लेबल, म्हणजे कोणता पिक्सेल किती लांब त्याची नोंद, बरेचदा लिडार किंवा किनेक्टसारख्या (इन्फ्रारेडनं अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या) सेन्सरवरून येतात, लिडारचे ठिपके विरळ असतात, अन् किनेक्ट उन्हात कामाचा नाही, तर पानाफांद्यांच्या कडा लेबलातच बिघडलेल्या राहतात. म्हणून व्ही टू बनवणाऱ्यांनी मोठं शिक्षक मॉडेल फक्त कॉम्प्युटरवर बनवलेल्या ५,९५,००० चित्रांवर शिकवलं, तिथं प्रत्येक पिक्सेलचं अंतर अचूक माहीत असते, अन् मग त्या शिक्षकाकडून ६ कोटी २० लाखांच्या वर खऱ्या फोटोंना लेबल लावून घेतले आणि लहान मॉडेल त्यावर शिकवले. हे जानेवारी २०२४ च्या पहिल्या व्हर्जनपेक्षा वेगळं आहे, त्यात लेबलवाले १५ लाख फोटो होते अन् त्यातले बहुतेक खरे होते. आमच्या बागेत कडा इतक्या स्वच्छ आल्या त्याचं श्रेय मी यालाच देतो.

पण ते जे आकडे देते ते मीटर नाहीत, हे नीट समजून घ्या, माझा पहिला आठवडा यातच गेला. साधं मॉडेल उलट अंतर (१ भागिले अंतर) देते, म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान, अन् त्याला कोणत्या तरी एका संख्येनं गुणायचं अन् दुसरी मिळवायची असते, त्या दोन्ही संख्या फोटोगणिक बदलतात. मीटरवालं वेगळं व्हर्जन पण मिळते, घरातल्यासाठी एक अन् बाहेरच्यासाठी एक, पण बाहेरचं शिकलं आहे व्हर्च्युअल किट्टी टू वर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या रस्त्यांच्या दृश्यांवर. काटोलची काळी माती अन् संत्र्याच्या रांगा त्यात कुठून येणार? शिवाय कॅमेरा बदलला की माप बदलते. फोनच्या वाइड लेन्सनं तोच फोटो काढला की झाडं लहान दिसतात अन् मॉडेलला वाटते लांब आहेत. मी आता सगळे फोटो मेन लेन्सनंच काढतो, झूम अजिबात नाही.

मग सुचलं की बाग हीच मोजपट्टी आहे. जुने लोक वीस बाय वीस फूट म्हणतात, रांगेत उभं राहिलं की पहिलं खोड, दुसरं, तिसरं, अंतर ठरलेलं. प्रत्येक फोटोत चार-पाच खोडांच्या बुडावर क्लिक केलं, टेपनं मोजलेलं अंतर उलटं करून लिहिलं अन् गुणायची अन् मिळवायची त्या दोन संख्या लीस्ट स्क्वेअरनं (एकूण चूक कमीत कमी राहील अशा हिशोबानं) काढल्या. ट्रेनिंग काहीच नाही, अन् जवळच्या तीन-चार झाडांचं काम एवढ्यानंच भागलं! लांबची झाडं मात्र घसरतात अन् त्याचं कारण साधं गणित आहे: ६ मीटरचं उलट ०.१६७, १२ चं ०.०८३, पण २४ चं ०.०४२ अन् ३० चं ०.०३३, म्हणजे शेवटच्या दोन झाडांत फरकच उरत नाही, जराशी चूक झाली की पूर्ण एक झाड पुढेमागे. म्हणून चौथ्या झाडापुढचं मी वापरतच नाही, पुढे जाऊन दुसरा फोटो काढतो.

तरी दर फोटोत क्लिक करत बसणं नको होतं म्हणून बाहेरचं मीटरवालं मॉडेल फाइन-ट्यून केलं, म्हणजे आपल्या फोटोंवर थोडं अजून शिकवलं, दीडशेच्या आसपास फोटो, भाड्याचा क्लाऊड जीपीयू. लॉस, म्हणजे मॉडेलची चूक, फक्त क्लिक केलेल्या पिक्सेलवर मोजायचा, बाकी झाकून ठेवायचं. आधी सगळं नेटवर्क मोकळं सोडलं तर पानांच्या त्या सुंदर कडाच पुसट झाल्या, मला खूप वाईट वाटलं. मग एन्कोडर (फोटो समजून घेणारा मोठा भाग) गोठवून फक्त वरचं हेड (शेवटी अंतर काढणारा भाग) शिकवलं तेव्हा कडा पण राहिल्या अन् मीटर पण जुळले.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मॉडेल तपासायचे टेस्टचे फोटो ज्या बागेवर शिकवलं त्याच बागेतून घेऊ नका. मी तसंच केलं, रिझल्ट भारी दिसला, पण मॉडेल अंतर शिकलं की "झाडं सहा मीटरवर असतात" एवढंच पाठ करून बसलं हे त्यातून कळतच नाही. कळलं ते शेजारच्या जुन्या बागेत, तिथं लागवड १८ बाय १८ फुटांवर (साडेपाच मीटरच्या आसपास) आहे, अन् मॉडेल तिथं सहा मीटरच सांगून राहिलं. त्या बागेचे फोटो ट्रेनिंगमध्ये घातले, मग तिसऱ्याच बागेत तपासलं, तेव्हा कुठं मामासमोर आकडे ठेवायची हिंमत झाली.

लायसन्स पण पाहून घ्या. स्मॉल अपाची २.० वर आहे, धंद्यात वापरता येते, बेस अन् लार्ज नॉन-कमर्शियल आहेत, तर फवारणीची सर्व्हिस विकायची असेल तर स्मॉलच घ्या. आमच्या कामाला तेच पुरलं. मृग बहाराच्या आधी मामाची अर्धी बाग मोजून झाली, प्रत्येक रांगेत दोन झाडं टेपनं तपासून घेतो, ते सोडलेलं नाही. फोटो सकाळी नऊच्या आत काढा, नंतर आपल्याकडच्या उन्हात फोनच तापून बंद पडते.