फ्लॅटवर्क जास्त, उड्या थोड्या: खोगीर कोणतं घ्यावं?

आठवड्यातले चार दिवस फ्लॅटवर्क, म्हणजे उड्यांशिवाय सपाट मैदानावरचा सराव, आणि एखाद्या दिवशी साठ-सत्तर सेंटीमीटरच्या दोन-चार उड्या. ज्यांचा सराव असा चालतो, त्यांच्यापुढे तीन पर्याय असतात: ड्रेसाजचं (चालींच्या काटेकोर सवारीचं) खोगीर, जंपिंगचं खोगीर आणि दोन्हींच्या मधलं जनरल पर्पज, म्हणजे जीपी. माझं मत आधीच सांगते. जीपी घ्या, आणि त्यातही सरळ फ्लॅपकडे (फ्लॅप म्हणजे पायाखाली येणारी खोगिराची बाजू) झुकणारं. पण ते घोड्याच्या पाठीला बसत नसेल तर माझं मत बाजूला ठेवा.

सगळा फरक सुरू होतो रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या कडीच्या, लांबीपासून. फ्लॅटवर्कमध्ये पाय लांब सुटलेला हवा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. उडीसाठी रिकीब दोन-चार भोकं वर घ्यावी लागते. मग पाय दुमडतो, गुडघा पुढे येतो, आणि त्याला जागा मिळावी म्हणून जंपिंगच्या खोगिराचा फ्लॅप पुढे काढलेला असतो. इटालियन घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्लीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्याबरोबर पुढे झुकून उडी घेण्याची पद्धत रुजवली. त्याआधी स्वार लांब रिकिबीत मागे रेलायचे आणि घोड्याच्या तोंडाला हिसके बसायचे.

तो हिसका मी स्वतः दिलेला आहे. ड्रेसाजच्या खोगिरात मांड छान बसते: बैठक खोल, फ्लॅप लांब, समोर गुडघ्याला आधार देणारे मोठे नी-ब्लॉक, ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) बसून राहणं सोपं. त्याच भरवशावर मी एका छोट्या उडीकडे वळले. रिकीब वर घेतली तर गुडघा नी-ब्लॉकवर अडला. घोड्याने पाय उचलले तेव्हा मला खोगिरातून वर उठताच आलं नाही. मी मागे राहिले आणि लगाम खेचला गेला. पुढच्या फेरीला तो उडीसमोर थांबला, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जमिनीवरचे दांडके आणि कॅव्हलेटी (बुटके अडथळे) एवढ्यावरच तुमचं भागत असेल, तर लहान नी-ब्लॉक असलेलं ड्रेसाजचं खोगीर चालून जाईल. त्यापुढे मी ते सुचवणार नाही.

जंपिंगच्या खोगिराची अडचण उलटी. बैठक सपाट असते, उडीत मागेपुढे व्हायला मोकळीक मिळते. पण रिकीब लांब केली की पाय पुढे निसटतो आणि आपण खुर्चीत बसल्यासारखे मागे पडतो. चार दिवस तशी सवय लागली तर ती मोडायला फार वेळ लागतो. शिवाय रुंद खांद्याच्या घोड्याला पुढे आलेला फ्लॅप अडचणीचा ठरू शकतो.

जीपी दोन्हीकडे थोडं कमी पडतं, हे खरं. उड्या मीटरभर उंचीच्या झाल्या की ते जाणवेल. छोट्या उड्यांना मात्र ते पुरतं. नावावर जाऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचं जीपी वेगळं असतं. खोगिरात बसा, उडीच्या लांबीची रिकीब घ्या आणि गुडघा फ्लॅपच्या कडेबाहेर जातो का ते पाहा. मग रिकीब लांब करा आणि जोर न लावता पाय कमरेखाली राहतो का ते बघा. मांडी लांब असेल तर फ्लॅप जरा पुढे असलेलाच घ्यावा लागेल.

आता घोडा. खोगीर खांद्याच्या हाडामागे बसावं आणि शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये. स्वार वर बसल्यावरही मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहावी. मधली खाच मणक्याला कुठेच न टेकेल इतकी रुंद हवी. आपण खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी माल समजतो, पण खऱ्या खोगिरात भरतीच पाठ सांभाळते. लोकरीची भरती घोड्याचा आकार बदलला की कमी-जास्त करून घेता येते, फोमची तशी येत नाही. नवी लोकर दबते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत एकदा तपासून घ्या. चामडं की सिंथेटिक, हा प्रश्न त्यामानाने छोटा: सिंथेटिक हलकं आणि पुसायला सोपं, चामडं निगा राखली तर जास्त टिकतं.

जुनं घेत असाल तर आधी आतला सांगाडा तपासा. दोन्ही टोकं धरून दाबल्यावर खोगीर मध्येच दुमडलं किंवा करकरलं, तर ते घेऊ नका. तंग (पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) अडकवायच्या पट्ट्यांची भोकं ताणलेली आहेत का तेही बघा. पट्टे बदलता येतात, तुटलेल्या सांगाड्याचं खोगीर मात्र घोड्यावर घालायचं नाही.

शेवटची परीक्षा पातळ, स्वच्छ कापड घालून अर्धा तास काम केल्यावर. खोगीर उचला आणि पाठ बघा. दोन्ही बाजूंना घाम सारखा हवा. ओल्या पाठीत तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे एक तर दाब जास्त पडतोय किंवा खोगीर टेकतच नाही. डागावर बोटं फिरवा. घोडा पाठ खाली घेत असेल किंवा कान मागे टाकत असेल, तर बैठक तुम्हाला कितीही आवडलेली असो, ते खोगीर परत द्या.