४६८ केबल टेस्टर: पोर्ट गेलं की वायर?

राउटरला जोडलेल्या वायरवर नेट चालेनासं झालं की बहुतेक घरांत नवा राउटर आणायचीच भाषा सुरू होते. त्याआधी दोन-तीनशे रुपयांची ही डबी घरात असायला हवी. एनएफ-४६८ किंवा एनएस-४६८ असा नंबर छापलेला हा साधा टेस्टर कॉम्प्युटरचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानांत मिळतो. एक मुख्य भाग, एक सुटा होणारा रिमोट. दोन्हींवर १ ते ८ आणि जी असे नऊ दिवे, शिवाय नेटच्या वायरीच्या आरजे४५ आणि टेलिफोनच्या आरजे११ पिनेसाठी जॅक. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बहुधा वेगळी घ्यावी लागते.

गोव्यात ही वस्तू जास्तच कामाची आहे. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींपलीकडे वाय-फाय नीट पोचत नाही, म्हणून वायर ओढली जाते आणि पुष्कळदा ती कौलांखालून, बाहेरच्या भिंतीवरून जाते. उन्हात तिचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, पावसाचं पाणी आत शिरतं. मोरजी, कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. वर्षभर बंद असलेलं घर चवथीला उघडलं की पहिली तक्रार नेटची असते, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी राउटरच्या नसतात, पिनांच्या असतात.

वापरताना केबल दोन्ही टोकांनी सोडवून घ्यायची. एक टोक राउटरमध्ये ठेवून टेस्टर लावायचा नाही. पोर्टच्या, म्हणजे वायर घालायच्या खाचेच्या, आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दिसेल ते निरर्थक असतं. आणि त्या वायरवरून कॅमेऱ्याला वीज जात असेल तर टेस्टरच जळू शकतो. एक टोक मुख्य भागात, दुसरं रिमोटमध्ये घालून स्विच हळू गतीवर, म्हणजे एस वर ठेवा आणि नजर रिमोटवर ठेवा. १ ते ८ ओळीने लागले तर तारा सलग आहेत. जी चा दिवा फक्त शील्ड, म्हणजे धातूचं आवरण, असलेल्या केबलला लागतो. साध्या केबलला तो लागला नाही तर काळजी नको. एखादा आकडा गाळला गेला तर ती तार तुटली आहे किंवा पिनेला टेकत नाही. क्रम उलटसुलट झाला तर एका टोकाचे रंग चुकले आहेत. मुख्य भागावर दिवे लागतात पण रिमोटवर दोन जागा विझलेल्या किंवा मंद आहेत, तर त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

कुठला आकडा गेला हे फार महत्त्वाचं. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. म्हणून ४, ५, ७ किंवा ८ पैकी एक गेली की नेट बंद पडत नाही, फक्त वेग ९३-९४ वर अडकतो. ३०० च्या प्लॅनवर वायरने इतकाच वेग येत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी ही केबल तपासा. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड १०० लिहिलेला दिसेल. मात्र पोर्ट मुळातच १०० चं नाही ना, हेही पाहा. टीपी-लिंक आर्चर सी५० ची पोर्टं १०० ची आहेत, सी६ ची गिगाबिट. पुष्कळ स्वस्त ओएनटींमध्ये, म्हणजे फायबरची वायर जिथे येते त्या कंपनीच्या डब्यांमध्ये, पहिलं पोर्ट गिगाबिट आणि बाकीची १०० ची असतात.

आता या टेस्टरची मोठी उणीव. तो फक्त तार सलग आहे का एवढंच सांगतो. दोन्ही टोकांना एकसारखीच पण चुकीच्या जोड्यांनी पिन लावली असेल, म्हणजे (केबलमध्ये तारा दोन-दोन करून पिळलेल्या असतात) ३ आणि ६ वेगवेगळ्या पिळातल्या तारांवर असतील, तर आठही दिवे ओळीने लागतात आणि गिगाबिटवर जोडणी मात्र सतत तुटते. हे डोळ्यांनीच तपासावं लागतं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा आणि पीळ पिनेजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडलेला नको. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही टेस्टरमधून बिनबोभाट पास होते. तिचा एक तुकडा ब्लेडने खरवडा. आत पांढरट धातू दिसला तर लांब अंतराला ती घेऊ नका.

केबल पास झाली आणि पोर्टचा दिवा तरी लागत नाही, तर पोर्टकडे वळा. चांगली ठरलेली तीच केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या लॅपटॉपला. तक्रार पोर्टसोबत जाते की केबलसोबत, हे पाच मिनिटांत कळतं. दिवा लागतो पण लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळतो, तर वायर जोडली गेली आहे, फक्त राउटर पत्ता देत नाही. काही ओएनटींत एक पोर्ट टीव्हीसाठी राखून ठेवलेलं असतं, तेच वापरलं जात असेल.

ॲडाप्टर काढून टॉर्चने पोर्टच्या आत पाहा. आठ सोनेरी तारा एका उताराने, सारख्या उंचीवर दिसायला हव्यात. टोकाच्या दोनच, म्हणजे १ आणि ८, खाली दबलेल्या असतील तर कोणीतरी त्यात टेलिफोनची बारीक पिन घातली होती. तिचं प्लास्टिक नेमकं याच दोन तारांवर बसतं आणि त्या पुन्हा वर येत नाहीत. ८ गेली तर वेग उतरतो, १ गेली तर पोर्टच मुकं. हिरवट थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून हलकेच फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच वीज लावा. सुईने खरवडू नका, सोन्याचा मुलामा निघाला की गंज आणखी वेगाने परततो. पावसाळ्यात या फटींत मुंग्याही शिरतात. रिकाम्या पोर्टांना रबरी बूच लावणं सोपं.

मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत बाहेरून गेलेल्या केबलचं पोर्ट जातं, तेव्हा टेस्टर काही करू शकत नाही. केबल न लावताही दिवा पेटलेला दिसला तर ते पोर्ट सोडून द्या. बाहेरून नेट घेणारं वॅन पोर्टच गेलं असेल तरी राउटर फेकू नका: राउटरचा पत्ता ओएनटीहून वेगळा पण त्याच मालिकेतला ठेवा, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि ओएनटीची वायर लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टला, लावा. वाय-फाय आणि बाकीची पोर्टं पूर्वीसारखी चालतात. नवी वायर बाहेरून आणताना घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल, पोर्टापर्यंत येणार नाही.

टेस्टरच्या बनावटीत दोन गोष्टी खटकतात. तो आपोआप बंद होत नाही, विसरलात तर बॅटरी उतरते; आणि उन्हात दिवे दिसत नाहीत, हाताने सावली करावी लागते. पण या पैशांत याहून उपयोगी वस्तू सापडणं कठीण. विकत घेताना दुकानदाराकडून एक नवी छोटी केबल मागून घ्या, दोन्ही जॅकमध्ये घाला आणि हळू गतीवर आठही दिवे दोन वेळा मोजा. लावलेली पिन हलवल्यावर एखादा दिवा लुकलुकला तर दुसरा नग मागा.