घोडा घेताना केसांचे भोवरे नंतर बघा, आधी पायाच्या पट्ट्या सोडायला लावा

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मला जायबंदी घोडी धडधाकट म्हणून विकली गेली. यात्रेला बोल नाही, तिथे सचोटीचे व्यापारी पुष्कळ आहेत. पण ही हातचलाखी कशी चालते ते सांगतो.

मारवाडी घोडी, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. दलालाने दात दाखवले, शुभ-अशुभ ठरवायला बघतात तो एकेक भोवरा दाखवला, रवाल म्हणजे स्वाराला धक्के न देणारी जलद चालही दाखवली, तापीकाठच्या भुसभुशीत मातीत. पुढच्या पायांना गुडघ्याखाली लाल पट्ट्या, वर घुंगरू. "शोभेला हो, दादा!" पट्ट्या सोडल्या तेव्हा पाय गार होते, सूज नव्हती.

घरी आणून आठवडा झाला नाही तोच घोडी दुडकीत लंगडू लागली. पुढच्या उजव्या पायाला, गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागे हात लावला तर गरम. बाजूने बघितलं तर मागची रेषा मध्येच केळ्यासारखी बाहेर आलेली. सोनोग्राफीत कातडीलगतच्या टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) मधोमध काळी पोकळी, म्हणजे तंतू तुटलेली जागा, आणि भोवती जुना व्रण. दलाल फोनवर म्हणाला, टेम्पोत पाय मुरगळला असेल. असा व्रण काय टेम्पोतल्या एका रात्रीत तयार होतो? डॉक्टरांच्या मते वेदनाशामक टोचून, पट्टीखाली गार माती थापून तिला उभं केलं होतं.

हे खपतं, कारण सूज आणि लंगडणं काही आठवड्यांत ओसरतं, पण टेंडन भरायला ९ ते १२ महिने लागतात. भरतो तोही व्रणाच्या तंतूंनी, मूळची लवचीकता येत नाही. या मधल्या काळातच असा घोडा बाजारात येतो.

मग एक 'जाणकार' उगवले. तापल्या लोखंडाने डाग देऊन घोडी महिन्यात पळती करतो म्हणाले, पैसे आगाऊ! डागल्याने कातडी भाजते, टेंडन लवकर भरत नाही. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

सध्या घोडी तबेल्यातच असते. सुरुवातीला सूज होती तोवर पायावर गार पाण्याची धार धरत होतो. आता कडक, सपाट जमिनीवर हातात धरून चालवतो, रोज थोडं थोडं वाढवत. पुढची सोनोग्राफी चांगली आली तरच दुडकी. मोकळं सोडणं बंद, एका उड्डाणात सगळं पाण्यात जाईल.

घेणाऱ्यांनी पट्ट्या आदल्या रात्रीच सोडायला लावा. पाय उचलून, नळीमागचा टेंडन दोन बोटांत धरून वरून खालपर्यंत दाबत जा, दुसऱ्या पायाशी ताडून बघा. कडक आणि मऊ, दोन्ही जमिनींवर दुडकी मागा. पैसे देण्याआधी आपला डॉक्टर आणा, वेदनाशामक टोचलंय का ते कळायला रक्ताचा नमुना घ्यायला लावा. "डॉक्टर कशाला, आमची जबान आहे की," असं कोणी म्हणालं तर पुढच्या दावणीकडे वळा. मलाही हेच ऐकवलं होतं, आणि तो नंबर आता लागत नाही.